गादी सरकते म्हणजे काय होते?

कंबर धरून बसलेल्या माणसाला काय झाले म्हणून विचारावे, तर पूर्वी ‘उसण भरली’ असे उत्तर मिळे. आता ‘गादी सरकली’ असे मिळते. आयुर्वेदाने कुल्ल्यापासून पावलापर्यंत उतरणाऱ्या वेदनेला गृध्रसी हे नाव दिले आणि लक्षणही नेमके टिपले. पण आत काय मोडते आणि कोणत्या जोराने मोडते, हा प्रश्न उरलाच. तो ऐरणीवर आणला आगगाडीने.

इंग्लंडात आगगाड्यांचे अपघात होऊ लागले, तसे हाड न मोडलेले, अंगावर जखम नसलेले उतारू पाठीच्या दुखण्याची भरपाई मागत कोर्टात येऊ लागले. 1866 साली लंडनचे शस्त्रवैद्य जॉन एरिक्सन यांनी मत मांडले, की धक्क्याने मज्जारज्जूलाच इजा होते. 1883 साली हर्बर्ट पेज यांनी ते खोडून काढले. बहुतेक वेळा इजा मज्जारज्जूची नसून भीतीची, असे त्यांचे म्हणणे. पेज हे रेल्वे कंपनीच्या पदरी होते हे ध्यानात ठेवावे, पण तेवढ्यावरून त्यांचे म्हणणे खोटे ठरत नाही. वाद फिरला तो मज्जारज्जूभोवती. गादी बाजूलाच राहिली.

ही गादी आहे तरी काय? आपल्या कण्यात अशा 23 गाद्या आहेत. आत मऊ गर. तरुणपणी त्यात सुमारे 80 टक्के पाणी. साखरेच्या साखळ्या लगडलेली मोठी प्रथिने हे पाणी धरून ठेवतात. भोवती 15 ते 25 थरांचे कडे. एका थरातले धागे उजवीकडे तिरपे, तर पुढच्यातले डावीकडे. हे धागे कोलॅजेनचे. कोलॅजेनचा रेणू वेणीसारखा तीन पेडांचा असतो, हे 1954 साली मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी दाखविले. आता दोर ओढ सोसतो, दाब सोसत नाही. म्हणून दाब पाण्याने घ्यायचा आणि पाणी बाहेर फाकू लागले की दोराने ते आवळून धरायचे, अशी ही वाटणी. दिवसभराच्या ओझ्याने थोडे पाणी पिळून निघते, रात्री परत शोषले जाते. त्यामुळे संध्याकाळी आपण सकाळपेक्षा सेंटीमीटरभर, क्वचित दोन, बुटके असतो. या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नाहीत, म्हणून फाटलेले सहजी सांधत नाही. आणि ती वरखालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असल्यामुळे सरकत तर मुळीच नाही. कडे फाटते आणि गर बाहेर येतो.

हे ओळखायला 1934 साल उजाडले. तोवर असा बाहेर आलेला तुकडा शस्त्रवैद्य कूर्चेची गाठ समजून काढीत. ड्रेस्डेनच्या गेओर्ग श्मोर्ल यांनी हजारो मृतांचे कणे चिरून पाहिले होते. बोस्टनमध्ये विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ‘गाठी’ निरोगी गादीशी ताडून पाहिल्या. ती गाठ नव्हतीच!

मग जोराचा शोध लागला. लंडनमध्ये अ‍ॅडम्स आणि हटन यांनी मृतांचे मणके यंत्रात घातले. सरळ दाबले तर गादीआधी मणक्याचे हाडच चेपते. पुढे पूर्ण वाकवून दाबले, तर काही गाद्यांची मागची भिंत फुटते, हे त्यांनी 1982 साली छापले. 1999 साली जर्मनीतील उल्म येथे एका जिवंत माणसाच्या गादीतच दाबमापक बसविला. उभे असता दाब 0.5 मेगापास्कल, पाठ वाकवून 20 किलो उचलताना 2.3; तेच गुडघे मोडून उचलताना 1.7.

इथे आपले हमाल आठवतात. पण दोष सारा ओझ्यावर टाकता येत नाही. 1995 साली फिनलंडमधील एकसारख्या जुळ्या भावांच्या 115 जोड्या तपासल्या, तेव्हा कंबरेच्या वरच्या गाद्यांच्या झिजेतील फरकापैकी ओझ्याचा वाटा 7 टक्केच निघाला. कुटुंबाकडून आलेल्या गोष्टींचा कितीतरी अधिक. एखादा मालक हा आकडा हमालापुढे फेकील. त्याने फेकू नये, कारण तो झिजेचा आकडा आहे, दुखण्याचा नव्हे. 1994 साली अमेरिकेत पाठ न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले, तर 27 टक्क्यांच्या गाद्या बाहेर डोकावलेल्या होत्या.