चाकातून ‘टक टक’ आवाज येतोय? गॅरेजला जाण्याआधी हे तपासा!

पावसाळ्यात गाडी चार दिवस कोकणात फिरून आलेली असते. वाटेत घाटातले खड्डे, मध्येच कच्चा रस्ता, कुठे नुकतीच पसरलेली खडी. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या गेटमधून गाडी बाहेर काढताना लक्षात येतं की चाकाकडून काहीतरी वाजतंय. टक... टक... टक. वेग वाढवला की आवाज भरभर येतो, गाडी थांबली की तोही थांबतो.

अशा वेळी काही जण गाण्यांचा आवाज वाढवून मोकळे होतात. काही जण घाबरून गॅरेज गाठतात आणि ‘जे काही असेल ते बदलून टाका’ म्हणतात. तोटा दोघांचाही होतो. हा आवाज टायरच्या खाचेत अडकलेल्या खड्याचा असेल, तर तो दोन मिनिटांत फुकटात जातो. पण तो सैल झालेल्या नटांचा असेल, तर चालत्या गाडीचं चाक निखळू शकतं.

मग हा फरक ओळखायचा कसा? त्यासाठी मेकॅनिक असण्याची गरज नाही. आवाज कसा आहे, यापेक्षा तो कशाने बदलतो याकडे लक्ष द्या.

सगळ्यात आधी: गाडी उभी असताना

आवाज आला की पहिली शंका नटांवर घ्यावी. विशेषतः मागच्या काही दिवसांत पंक्चर काढलं असेल, स्टेपनी लावली असेल किंवा अलाइनमेंट-बॅलन्सिंग केलं असेल तर नक्कीच. गाडीतला पाना घ्या आणि चारही चाकांचे सगळे नट घट्ट आहेत का ते बघा. एखादा नट सहज फिरला, तर कारण बहुधा सापडलं. नट एकापाठोपाठ एक न आवळता समोरासमोरचे आवळत जायचे, म्हणजे चाक हबवर सरळ बसतं. चाक काढून पुन्हा बसवलं असेल, तर साधारण ८० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा तपासावेत.

नट घट्ट असतील तर टायर बघा. खाचेत खडा, खिळा किंवा स्क्रू अडकला असेल, तर तो प्रत्येक फेरीत एकदा रस्त्यावर आपटतो आणि ‘टक’ असा आवाज होतो. टायरचा खालचा भाग दिसत नाही, म्हणून गाडी अर्धा फेरा पुढे घेऊन पुन्हा बघा. खडा काढायला हरकत नाही. खिळा मात्र जागेवर उपटू नका, कदाचित त्यानेच हवा अडवून धरलेली असेल. तसंच पंक्चरवाल्याकडे जा.

नंतर टायरच्या दोन्ही बाजूंवरून हात फिरवा. खड्ड्यात आदळल्यावर टायरच्या आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. आतल्या बाजूचा फुगा पटकन दिसत नाही, त्यामुळे मोबाईलचा टॉर्च वापरा. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. तो कधीही फुटू शकतो, म्हणून स्टेपनी लावून तो लगेच बदलावा.

चाकावर प्लास्टिकची कॅप असेल, तर ती काढून एक चक्कर मारा. तिची एखादी क्लिप तुटली तरी आवाज असा येतो की मोठा बिघाड झालाय असं वाटावं.

आवाजाचं साधं गणित

वरचं काहीच सापडलं नाही, तर आवाज मोजायचा. लहान गाड्यांमध्ये सर्रास दिसणारा १६५/८० आर १४ मापाचा टायर घेऊ. त्याचा घेर साधारण १.९५ मीटर असतो. ताशी २० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ५.५ मीटर पुढे जाते, म्हणजे चाक सेकंदाला जवळपास तीन फेऱ्या मारतं. दहा सेकंदांत २८-२९ फेऱ्या.

शेजारी बसलेल्या माणसाला मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करायला सांगा आणि नंतर तो ऐकून मोजा. दहा सेकंदांत २८ च्या आसपास ठोके आले, तर आवाज चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा येतोय. म्हणजे बिघाड चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूत आहे: टायर, रिम, ब्रेकची डिस्क किंवा ड्रम, नट, नाहीतर पुढच्या चाकाला जोडलेला एक्सल.

बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये खालून जाणारा लांब शाफ्ट चाकापेक्षा तीन-चार पट वेगाने फिरतो. तिथे ठोके त्या पटीत जास्त आले, तर शाफ्टचे जॉइंट तपासायला हवेत.

इंजिनचा वेग याहून फार वेगळा असतो. गाडी उभी असतानाही इंजिन मिनिटाला साधारण ८०० वेळा, म्हणजे सेकंदाला १३ वेळा फिरतं. त्यामुळे हळू चालत्या गाडीत सावकाश मोजता येणारा ठोका इंजिनचा असण्याची शक्यता कमी. तरी खात्री करायची असेल, तर सपाट, सरळ, मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात क्षणभर गाडी न्यूट्रल करा. इंजिनचा वेग खाली आला तरी ठोके तसेच राहिले, तर ते चाकाकडचे. ही चाचणी उतारावर किंवा घाटात करू नका, आणि चालत्या गाडीचं इंजिन कधीही बंद करू नका. तसं केल्यास स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत कमी होते.

एक गंमत लक्षात ठेवा. सिमेंटच्या रस्त्यावर ठरावीक अंतरावर सांधे असतात आणि त्यावरून जाताना ‘धड-धड’ असा तालात आवाज येतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर हा अनुभव अनेकांना येतो. डांबरी रस्त्यावर आवाज गेला, तर गाडी ठीक आहे.

ब्रेक लावल्यावर काय होतं?

आवाज फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल आणि पायाखाली पेडल थरथरत असेल, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते.

आवाज एरवी येतो, पण ब्रेक हलका दाबला की बंद होतो किंवा बदलतो, असं असेल तरी रोख ब्रेककडेच. बारीक शिट्टीसारखा ‘चीं-चीं’ आवाज असेल, तर पॅड संपत आले असण्याची शक्यता आहे. बऱ्याच पॅडवर धातूची छोटी पट्टी मुद्दाम लावलेली असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासून इशारा देते. खरखर असेल, तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकलेला असू शकतो. खडीच्या रस्त्यावरून आल्यावर हे हमखास होतं.

ब्रेक दाबताना लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला, तर पॅड पूर्ण संपलेत असं समजा. मग गाडी पुढे दामटू नका.

पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो. सकाळी पहिल्या काही ब्रेकपर्यंत खरखर येते आणि मग आपोआप जाते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

वळताना काय होतं?

मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून, हलकी रेस देत, आधी डावीकडे आणि मग उजवीकडे गोल फेरी मारा. ‘कट-कट-कट’ आवाज आला, तर एक्सलच्या टोकाचा जॉइंट गेलाय, असा त्याचा अर्थ. यावर रबरी बूट असतो. तो फाटला की आतलं ग्रीस उडून जातं, माती-पाणी आत शिरतं आणि जॉइंट झिजतो. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं, तर तोच जॉइंट. बूट फाटल्याचं वेळेत कळलं, तर नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागतं. उशीर झाला तर जॉइंट किंवा अख्खा एक्सल बदलावा लागतो.

बेअरिंगचा आवाज वेगळा असतो. तो ठोक्यांपेक्षा ‘घुं-घुं’ असा घुमतो आणि वेगाबरोबर चढत जातो. रस्त्याला लांब वळण आलं की लक्ष द्या. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा आवाज वाढला, तर संशय उजव्या बाजूच्या बेअरिंगवर. उजवीकडे वळताना वाढला, तर डाव्या बाजूच्या.

वाकडातिकडा झिजलेला टायरही असाच घुमतो, आणि इथेच अनेकांचा पैसा वाया जातो. बेअरिंग बदलूनही आवाज तसाच! त्यासाठी सोपी युक्ती म्हणजे त्याच बाजूचे पुढचे-मागचे टायर आपसांत बदलून बघायचे. आवाजाची जागा बदलली, तर दोष टायरचा. शिवाय टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, बेअरिंगचा फारसा बदलत नाही. खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीच्या खुणा असतात. रबर त्यांच्या पातळीला आलं असेल, तर टायर तसाही बदलायला झालाय.

जॅक लावून बघायचं असेल तर

घरच्या घरी फक्त पुढचं चाक तपासा. जागा सपाट हवी, हँडब्रेक लावलेला हवा आणि मागच्या चाकांना विटा किंवा दगड हवेत. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

घड्याळाच्या १२ आणि ६ च्या जागी चाक धरून हलवा. चाक डुगडुगलं, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट सैल झालाय. ३ आणि ९ च्या जागी धरून हललं, तर स्टिअरिंगचा रॉड तपासायला हवा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून चाक हाताने फिरवा. प्रत्येक फेरीत एकाच जागी घासलं, तर डिस्क सरळ नाही किंवा काहीतरी अडकलंय.

मेकॅनिकला काय सांगायचं?

‘चाकातून आवाज येतोय’ एवढंच सांगितलं की तपास पहिल्यापासून सुरू होतो. त्याऐवजी असं सांगा: ‘पुढच्या डाव्या बाजूने येतो, २० च्या वेगात सेकंदाला तीन ठोके पडतात, ब्रेक दाबल्यावर बंद होतो, वळताना फरक पडत नाही.’ सोबत रेकॉर्डिंग ऐकवा आणि त्याला शेजारी बसवून एक चक्कर मारा. काही बदललं, तर जुना पार्ट दाखवायला सांगा.

या वेळी गाडी चालवू नका

नट सैल झालेत किंवा एखादा नाहीसा झालाय. टायरला फुगा आलाय. चाक हाताने डुगडुगतंय. ब्रेकमध्ये लोखंड घासतंय. आवाजाबरोबर स्टिअरिंग थरथरतंय किंवा गाडी एका बाजूला ओढतेय. प्रवासानंतर एकच चाक इतरांपेक्षा खूप तापलंय किंवा तिथून जळका वास येतोय. यातलं काहीही आढळलं, तर गाडी बाजूला घ्या आणि मेकॅनिकला तिथेच बोलवा. टायरला फुगा असेल, तर स्टेपनी लावा. नट फक्त सैल असतील, तर जागेवरच आवळा आणि हळू चालवत जवळच्या गॅरेजला दाखवा.

बाकी वेळी घाबरून जाऊ नका. पुढच्या वेळी आवाज आला की गाणी बंद करा, काच खाली घ्या आणि एखाद्या भिंतीच्या कडेने हळू गाडी न्या. भिंतीवरून परतणारा आवाज स्पष्ट ऐकू येतो. एकदा डावी बाजू, एकदा उजवी बाजू. कोणतं चाक बोलतंय ते तिथेच कळेल.