सरड्यांच्या बेटांचा इतिहास



इतिहासाची पुनरावृत्ति होते, हें वाक्य आपण सर्वांनीं ऐकलेलें आहे. परंतु त्याचा खरेखोटेपणा पडताळून पाहण्याचें साधन इतिहासकाराजवळ नाहीं. पानिपतावर १५२६, १५५६ व १७६१ अशा तीन वेळां रणें माजलीं खरीं. पण प्रत्येक वेळीं पक्ष निराळे, शस्त्रें निराळीं आणि जयापजयाचीं कारणेंही निराळीं. तीच परिस्थिति पुन्हा जशीच्या तशी मांडावी आणि काय घडतें तें पाहावें, अशी सोय मानवी इतिहासांत नाहीं. निसर्गाच्या इतिहासांत मात्र एके ठिकाणीं ती आपोआप झालेली आहे, आणि तिचा नायक आहे एक सरडा.

या सरड्याचें नांव ॲनोल. दोदँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानें १८०२ सालीं त्याचें कुल शास्त्रांत नोंदविलें. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांत व कॅरिबियन समुद्रांतील बेटांवर त्याच्या चारशेंहून अधिक जाति आढळतात. आपल्या घरांतील पालीप्रमाणें त्याच्या बोटांखालीं चिकट गाद्या असतात, आणि नराच्या गळ्याखालीं घडी घालून ठेवलेला रंगीत पंखा असतो. प्रतिस्पर्धी दिसतांच तो पुढच्या पायांवर जोर काढल्यासारखा खालीं-वर होतो आणि पंखा उघडतो. बहुतेक भांडणें या प्रदर्शनावरच मिटतात. दातांपर्यंत मजल क्वचितच जाते.

क्यूबा, हिस्पानिओला, जमेका आणि पोर्तो रिको हीं तेथील चार मोठीं बेटें. त्यांवर हिंडणाऱ्या अभ्यासकांना एक चमत्कार दिसूं लागला. बुंध्याच्या तळाशीं राहून जमिनीवरील किड्यांवर झेप घेणारा ॲनोल लांब पायांचा असतो. बारीक डहाळीवर राहणारा आंखूड पायांचा व संथ, तर गवतांत राहणारा सडपातळ व अतिशय लांब शेपटीचा. शेंड्याजवळच्या पानांत राहणाऱ्याच्या बोटांच्या गाद्या रुंद असतात. कांहीं भले थोरले, जवळजवळ हातभर लांबीचे सरडे उंच माथ्यावरच वास्तव्य करतात. हार्वर्ड विद्यापीठाचे अर्नेस्ट विल्यम्स यांनीं १९७२ सालीं अशा प्रकारांची शास्त्रीय मांडणी केली. पुढें असे सहा प्रकार मानले गेले, आणि तेच प्रकार बेटामागून बेटावर दिसून आले.

आतां प्रश्न असा कीं, हें घडलें कसें? एक शक्यता अशी कीं, प्रत्येक प्रकार एकदांच उत्पन्न झाला आणि मग समुद्रमार्गें सर्व बेटांवर पसरला. दुसरी अशी कीं, प्रत्येक बेटावर हा सारा संसार नव्यानें थाटला गेला. जोनाथन लोसॉस व त्यांचे सहकारी यांनीं १९९८ सालीं आनुवंशिक द्रव्याची तुलना करून याचा निवाडा केला. जमेकाचा डहाळीवरचा सरडा क्यूबांतील डहाळीवरच्या सरड्याचा जवळचा भाऊबंद ठरला नाहीं; त्याचे जवळचे नातलग त्याच्याच बेटावरील, निराळ्या रूपाचे ॲनोल निघाले. रूप सारखें, पण कुळी वेगळी! एकाच गरजेला निसर्गानें वेगवेगळ्या बेटांवर जवळजवळ एकच उत्तर दिलें होतें. हिस्पानिओलांतील अश्मीभूत राळेंत अडकलेले ॲनोल २०१५ सालीं तपासण्यांत आले. दीड ते दोन कोटी वर्षांपूर्वींच्या त्या सरड्यांतही आजचे कित्येक प्रकार ओळखूं आले.

परंतु असा बदल व्हावयास कोट्यवधि वर्षेंच लागतात असें नाहीं. फ्लोरिडाच्या एका खाजणांतील चिमुकल्या बेटांवर केवळ हिरवे ॲनोल होते. १९९५ सालीं अभ्यासकांनीं त्यांपैकीं कांहीं बेटांवर क्यूबाकडील तपकिरी ॲनोल मुद्दाम सोडले. हिरव्यांनीं लवकरच खालच्या जागा सोडून वरच्या फांद्या गांठल्या. पंधरा वर्षांनीं, म्हणजे सुमारें वीस पिढ्यांनंतर, त्यांच्या बोटांच्या गाद्या मोठ्या झालेल्या आढळल्या. अंडीं आणून पिलें एकाच परिस्थितींत वाढविलीं, तरीही हा फरक टिकून राहिला. अर्थात् तो संवयीचा नसून रक्तांत उतरलेला होता.

२०१७ सालीं तुर्क व कैकोस बेटांवर दोन प्रचंड वादळें लागोपाठ आलीं. योगायोगानें तेथील सरड्यांचीं मापें नुकतींच घेतलेलीं होतीं. अभ्यासक परत गेले तेव्हां वांचलेल्या सरड्यांच्या गाद्या पूर्वींच्या सरासरीहून मोठ्या, पुढचे पाय लांब व मागचे पाय आंखूड असल्याचें दिसलें. ज्यांची पकड घट्ट आणि ज्यांच्या पायांत वारा कमी भरला, ते तगले.

मग इतिहासाची पुनरावृत्ति होते काय? उत्तर अर्धें होकारार्थी आहे. जमेकांत सहांपैकीं दोन प्रकार नाहींतच, पोर्तो रिकोंत एक नाहीं. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर तर हा नमुना इतका रेखीव राहात नाहीं. नियम आहे, पण त्याला स्थळाची व योगायोगाची मर्यादा आहे. मानवी इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही एवढा बोध पुरेसा व्हावा.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत अशी आपल्याकडे म्हण आहे; पण ही गोष्ट आपल्या कुंपणापर्यंत येऊन पोंचते. साताऱ्याजवळील चाळकेवाडीच्या पठारावर निळ्या-काळ्या-नारिंगी पंख्याचा सरडा राहतो. तो ॲनोलच्या कुळांतला नव्हे. पंखा त्यानें स्वतंत्रपणें कमावला आहे. २०१६ सालीं शास्त्रज्ञांनीं त्याच्या कुलाला आपलाच मराठी शब्द ‘सरडा’ हें नांव दिलें. त्याच पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. २०१८ सालच्या अभ्यासांत असें आढळलें कीं, चक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी झाले, सरडे वाढले, मनुष्य जवळ आला तरी ते लवकर पळेनासे झाले आणि त्यांच्या पंख्याचे रंगही फिके पडले. बेटांवर निसर्गानें जो प्रयोग मांडला, तो येथें आपण नकळत मांडला आहे. त्याचा शेवट काय होतो हें जाणून घ्यावयाचें असेल, तर तिकडच्या अभ्यासकांप्रमाणें आपणही आधींपासून मापें घेऊन ठेविलीं पाहिजेत.