खर्जाचा आधार

एखाद्याचा आवाज भारदस्त असला म्हणजे तो ‘खर्जांत बोलतो’ असें म्हणण्याचा मराठींत प्रघात आहे. ‘खर्ज’ हा शब्द म्हणजे संस्कृतांतील ‘षड्ज’ या शब्दाचेंच बोलीभाषेंत रुळलेलें रूप होय. मूळ अर्थ सप्तकांतील पहिला स्वर एवढाच. परंतु व्यवहारांत त्याला खालच्या, गंभीर, जमिनीला टेकलेल्या नादाचा अर्थ येऊन चिकटला. हा नाद वाजत असतां बहुधा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. तो थांबला म्हणजे मात्र गाणाऱ्याच्या पायाखालची वाळू सरकते. दरबारी गवयाला हा आधार आयता मिळे. ज्यांना राजाश्रय नाहीं, बिदागी नाहीं, केवळ आवड म्हणून जे गातात-वाजवितात, त्यांनीं तो कोणकोणत्या साधनांनीं मिळविला, हा महाराष्ट्राच्या संगीतेतिहासांतील एक दुर्लक्षित पण मनोरंजक भाग आहे.

या इतिहासाचें पहिलें ठाणें म्हणजे मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथील शिकलगारांवर, म्हणजे हत्यारें घडविणाऱ्या व त्यांना धार लावणाऱ्या कारागिरांवर, कठीण प्रसंग आला. इंग्रजी अंमल स्थिर झाला आणि तलवारीचें गिऱ्हाईक नाहींसें झालें. त्यांच्यांतील फरीदसाहेब यांनीं आपला हात तंतुवाद्यांकडे वळविला. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयामुळें मिरजेंत गवई होते. त्यांचीं वाद्यें दुरुस्त करतां करतां नवीं घडविण्याची विद्या या घराण्यास साधली, आणि पुढें ‘सतारमेकर’ हेंच तिचें आडनांव झालें. तंबोऱ्यासाठीं लागणारा मोठा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस पिकतो. तो वाळवून, आंतून कोरून, त्यावर लाकडाची तबली व दांडी बसवावयाची, हें काम आजही मिरजेंत पिढीजात चालतें. ज्या हातांनीं पोलादाला धार दिली त्यांच्याच वंशजांनीं तारेला आंस दिली, हा काळाचा खेळ म्हणावयाचा.

तंबोऱ्याला चार तारा. पहिली पंचमाची, ज्या रागांत पंचम वर्ज्य असतो तेथें ती मध्यमाला किंवा निषादाला मिळवितात. मधल्या दोन जोडीच्या, म्हणजे मध्य षड्जाच्या. चौथी खर्जाची, एक सप्तक खालीं. पहिल्या तीन सामान्यतः पोलादी, चौथी पितळेची व जाड. जाड कां, याचें उत्तर साधें आहे. तार जितकी जड तितकें तिचें आंदोलन मंद. नाहींतर तेवढा खालचा स्वर काढण्यासाठीं दांडी फार लांब करावी लागेल किंवा तार इतकी सैल ठेवावी लागेल कीं ती नुसती फडफडेल. पुरुष गायक ‘काळी एक’मध्यें गात असेल तर त्याचा षड्ज सेकंदास सुमारें १३९ आंदोलनांचा, आणि खर्जाची तार त्याच्या निम्मी, सुमारें ६९ आंदोलनांची असते.

परंतु तंबोऱ्याचें खरें रहस्य तारेंत नसून घोडींत आहे. ही घोडी धारदार नसते. तिचा माथा रुंद आणि किंचित् उतरता असतो. तार कंप पावतांना त्या उतरणीला हलकेच स्पर्श करीत राहते. तारेखालीं सुताचा एक दोरा सरकवितात. तो केसभर पुढें-मागें करतां करतां एका जागीं एकाएकीं नाद उमलतो, आणि एका तारेंतून अनेक स्वर गुंजूं लागतात. यालाच जवारी लागणें म्हणतात. वर्षानुवर्षांच्या वाजविण्यानें घोडीवर चरे पडले म्हणजे कारागीर ती पुन्हां घासून देतो. त्या घासण्याला माप नाहीं. कान हेंच माप.

या गोष्टीकडे शास्त्रज्ञांचें लक्ष वेधलें तें १९२१ सालीं. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं त्या वर्षीं भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. युरोपांत यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा असा नियम मान्य होता कीं, तार ज्या बिंदूवर छेडली त्या बिंदूवर ज्या उपस्वराचा स्थिरबिंदु येतो तो उपस्वर ऐकूं येतां कामा नये. रामन यांनीं दाखविलें कीं तंबोरा आणि वीणा हा नियम पाळीत नाहींत. वर्ज्य ठरलेले उपस्वरही त्यांत स्पष्ट उमटतात, आणि याचें कारण ती रुंद घोडी व तो दोरा. गांवच्या कारागिराने नुसत्या कानानें साधलेली गोष्ट भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत अशा रीतीनें अपवाद म्हणून जाऊन बसली.

वाजविण्याचा विधि ऐकावयास सोपा आणि साधावयास अवघड आहे. पहिली तार मधल्या बोटानें आणि पुढील तीन तर्जनीनें छेडावयाच्या. नख लागूं द्यावयाचें नाहीं. बोटाच्या मांसल कडेनें तार जणू कुरवाळावयाची. जोर करतां कामा नये. गाण्याच्या लयीशीं तंबोऱ्याच्या छेडण्याचा संबंध नाहीं. ताल द्रुत झाला तरी तंबोरा आपल्या संथ गतीनेंच चालला पाहिजे. गुरूच्या पाठीमागें बसून वर्षेंच्या वर्षें तंबोरा धरणाऱ्या शिष्यास पाहणाऱ्याला वाटे कीं हा काम करीत नाहीं, नुसता बसला आहे. वस्तुतः त्याचें शिक्षण त्याच वेळीं चालू असे, कारण तंबोरा मिळविण्याइतकी कठोर स्वरपरीक्षा दुसरी नाहीं.

हा तंबोरा मध्यमवर्गीय घरांत शिरला तो विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या चळवळीमुळें. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशीं शिकलेल्या या गायकानें १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, आणि १९०८ मध्यें मुंबईस त्याची शाखा आणली. ठरलेली फी, ठरलेले तास, छापील पुस्तकें, परीक्षा. गाणें हें घरंदाज माणसांनीं शिकण्याजोगें आहे ही भावना त्यानें रुजविली. कारकून, शिक्षक, वकील आणि त्यांच्या मुलीबाळी सायंकाळीं तंबोरा घेऊन बसूं लागल्या, आणि ‘हौशी’ नांवाचा एक नवा वर्ग निर्माण झाला.

शहराबाहेर हा प्रश्न निराळ्या रीतीनें सुटला. गोंदिया जिल्ह्यांतील कामठा हें गांव या दृष्टीनें विचारांत घेण्यासारखें आहे. राजकीय इतिहासांत कामठ्याचें नांव येतें तें वैनगंगेच्या खोऱ्यांतील एका मोठ्या जमीनदारीचें ठाणें म्हणून. १८१८ सालीं तेथील चिमणा पाटलांनीं इंग्रजांविरुद्ध उठाव केला, फौज चालून आली आणि कामठा पडलें, इतकें दप्तरांत नमूद आहे. परंतु भाताच्या खाचरांचा व तळ्यांचा हा झाडीपट्टीचा मुलूख गाण्याबजावण्याचाही शौकीन. दिवाळीनंतर गांवोगांवीं मंडई भरते, रात्रभर दंडार रंगते. एकादशीला भजन असतें. मिरजेचा तंबोरा येथून फार दूर, आणि शेतकऱ्याच्या ऐपतीबाहेरचा. तरीही खर्जाचा आधार कोणालाच चुकत नाहीं. अशा गांवांतून तो दोन वाटांनीं आला.

एक वाट चामड्याची. भजनांतल्या पखवाजाच्या डाव्या पुडीला धुमा म्हणतात. तिच्या मध्यभागीं ओल्या कणकेचा गोळा थापतात. कणीक वाढविली कीं पुडी जड होते आणि आवाज खालीं उतरतो. कमी केली कीं वर चढतो. जड तारेचा जो नियम तोच येथें कणकेला लागूं पडतो. भजन संपलें कीं कणीक खरडून काढावयाची, पुढच्या खेपेस नवी मळावयाची. इतकें स्वस्त आणि इतकें अचूक साधन दुसरें क्वचितच सांपडेल.

दुसरी वाट पेटीची. हार्मोनियमचें पेटंट अलेक्झांद्र दबें यानें पॅरिसमध्यें घेतलें. हातानें भाता हलवून जमिनीवर बसून वाजवितां येईल अशी पेटी पुढें कलकत्त्यास तयार झाली, आणि पाहतां पाहतां ती नाटकमंडळ्यांपासून देवळांपर्यंत पोहोंचली. पेटी विकत घेतांना जाणकार अजूनही विचारतो कीं ती खर्ज-नर आहे कीं नर-नर. पितळी पट्ट्यांची जी रांग एक सप्तक खालीं बोलते ती खर्जाची. दोन्ही रांगा एकदम उघडल्या म्हणजे एकट्या पेटीलाही भारदस्तपणा येतो. विद्वानांनीं पेटीवर पुष्कळ टीका केली. तिच्यांतून मींड निघत नाहीं, तिचे स्वर भारतीय श्रुतींशीं जुळत नाहींत, हे आक्षेप खोटे नव्हते. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिला बंदी केली, ती १९७१ पासून शिथिल होत गेली. पण त्या तीस वर्षांत गांवच्या भजनी मंडळानें पेटी खालीं ठेविली नाहीं. शास्त्राच्या दृष्टीनें सदोष असलेल्या त्या पेटीनें हजारों साध्या गळ्यांना एका स्वरावर उभें केलें, हें तिचें पुण्य नाकारतां येणार नाहीं.

तिसरी वाट समुद्रापलीकडून आली, आणि तीच आजच्या तरुण मंडळींच्या विशेष परिचयाची आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदांत खर्जाचें काम डबल बास नांवाचें माणसाहून उंच वाद्य करी. तें वाहून नेणें म्हणजे एक संकटच. अमेरिकेंत सिॲटल येथें पॉल टुटमार्क यानें १९३० नंतरच्या दशकांत आडवें धरून वाजवितां येईल असें विजेचें बास बनविलें. पण तें चाललें नाहीं. १९५१ सालीं कॅलिफोर्नियांत लिओ फेंडर यानें ‘प्रिसिजन’ नांवाची बास गिटार काढली आणि ती जगभर पसरली. ‘प्रिसिजन’ म्हणजे अचूकपणा. दांडीवर पडदे बसविल्यामुळें बोट योग्य घरांत पडलें कीं स्वर बिनचूक निघे, म्हणून हें नांव. तारेची लांबी ३४ इंच. चार तारा, अनुक्रमें सुमारें ४१, ५५, ७३ व ९८ आंदोलनांच्या. म्हणजे तंबोऱ्याची ६९ आंदोलनांची खर्जाची तार या चौकडीच्या बरोबर मध्यावर येते. इतके खालचे स्वर ऐकूं यावयाचे तर कर्ण्याला पुष्कळ हवा ढकलावी लागते. म्हणून फेंडरने १९५२ मध्यें या वाद्यासाठीं निराळा ध्वनिवर्धकही काढला.

हें वाद्य मुंबईस रुजलें तें बहुतांशी गोमंतकीय वादकांच्या हातून. पोर्तुगीज अमदानींत गोव्याच्या चर्चशाळांतून मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकवीत. तेथें तयार झालेल्या वादकांनीं पुढें मुंबईच्या चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदांत टोनी वाझ यांची बास गिटार होती. चित्रपटांतून तें वळण कॉलेजांतील मेळ्यांत आणि गणेशोत्सवांतील हौशी वाद्यवृंदांत उतरलें.

हौशी बासवादकांत एक वाद नित्य चालतो. चांगला ‘टोन’ कशांत आहे? महाग गिटारींत, तारांच्या जातींत, ध्वनिवर्धकांत, कीं हातांत? वाद निरर्थक नाहीं. तार घोडीपाशीं छेडली तर आवाज टणक व चमकदार निघतो, दांडीच्या बाजूस छेडली तर गोल व मऊ. गुळगुळीत वेष्टणाच्या तारा आणि खडबडीत वेष्टणाच्या तारा यांचा नादही भिन्न. तथापि अमेरिकेंतील डेट्रॉइट येथें १९६० नंतरच्या दशकांत शेंकडों गाण्यांना ज्यानें पाया घातला तो जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीनें वाजवी आणि जुन्या तारा सहसा बदलीत नसे. त्याच्या वाद्यासारखें वाद्य अनेकांनीं घेतलें. तो नाद कोणाच्या हातीं लागला नाहीं. बासवादक सामान्यतः तर्जनी आणि मधलें बोट आळीपाळीनें चालवितो, आणि मिरजेचा तंबोराही याच दोन बोटांनीं बोलतो. दोहोंचा धर्मही एकच, कीं आपण पुढें यावयाचें नाहीं, दुसऱ्याला पुढें जाऊं द्यावयाचें.

आतां या सर्व साधनांपुढें एक नवें आव्हान उभें आहे. १९७९ सालीं बेंगळुरूस राज नारायण यांनीं विजेवर चालणारा तंबोरा तयार केला. पुढें तो मोबाइल फोनांत येऊन बसला. प्रवासांत, एकट्यानें रियाज करतांना, त्याचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु फोनच्या इवल्याशा कर्ण्यांतून ६९ आंदोलनांचा स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाहीं. ऐकूं येतात ते १३९, २०८, २७७ असे त्याचे वरचे उपस्वर. त्यांच्यांतील सारखें अंतर ओळखून खालचा स्वर कान स्वतःच कल्पितो. श्रोत्याला खर्ज ऐकल्याचा भास होतो. छातीशीं टेकविलेल्या भोपळ्याचा जो थरथराट गाणाऱ्याच्या हाडांपर्यंत पोहोंचतो, तो मात्र होत नाहीं. शिवाय यंत्राला मिळवावें लागत नाहीं, आणि मिळविण्याची गरज संपली कीं कान तयार करण्याची शाळाच बंद पडते. खरी हानि ती.

२०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. कारागिरांचा हा योग्य गौरव झाला. परंतु मानांकनानें नांवाचें रक्षण होतें. विद्येचें रक्षण गिऱ्हाइकाच्या कानावर अवलंबून राहतें. जवारी लागली कीं नाहीं हें ओळखणारा गिऱ्हाईक उरला नाहीं, तर ती लावणाऱ्यानें केसभर दोरा सरकविण्याचे कष्ट कां घ्यावे? शिकलगारांच्या हातची तलवार एकदां अशीच गेली. गिऱ्हाईक गेलें आणि तीही गेली.

म्हणून हा प्रश्न मोठ्या गवयांपेक्षां हौशी माणसाचा अधिक आहे. पखवाजाला कणीक थापणारा भजनकरी, खर्जाची रांग उघडून एका स्वरावर थांबणारा पेटीवाला, सायंकाळीं तंबोरा मिळविणारी विद्यार्थिनी आणि दोन बोटांनीं जाड तार छेडणारा कॉलेजांतील तरुण हीं सारीं एकाच कामाचीं वांटेकरी आहेत. साधन प्रत्येकानें आपल्या ऐपतीप्रमाणें निवडावें. वाजविण्यापूर्वीं घटकाभर थांबून खालचा स्वर नीट ऐकावा, एवढी एकच गोष्ट त्यांच्यापैकीं कोणालाही विकत घ्यावी लागत नाहीं. आणि तिच्यावांचून विकत घेतलेल्या कोणत्याही साधनांतून खर्ज बोलत नाहीं.