‘वेद कोणी लिहिले?’ हा प्रश्न आधी दुरुस्त करूया

प्राचीन भारतावर काम करायचं ठरवलं की पहिला प्रश्न हाच डोक्यात येतो: वेद कोणी लिहिले, महाभारत कोणी लिहिलं, पुराणं कधीची? प्रश्न साधा वाटतो, पण त्यातले ‘कोणी’ आणि ‘लिहिले’ हे दोन्ही शब्द गडबड करतात. सिनॉप्सिस लिहायच्या आधी ही गडबड सोडवलेली बरी. आज ती सोडवू आणि शेवटी आपल्या मीरा-भाईंदरच्या अगदी शेजारचं एक उदाहरण घेऊ.

परंपरा काय सांगते?

परंपरेने धर्मग्रंथांचे दोन मोठे भाग केले आहेत. श्रुती म्हणजे ऐकलेलं, स्मृती म्हणजे आठवलेलं. चार वेद, त्यांची ब्राह्मणं, आरण्यकं आणि उपनिषदं श्रुतीत येतात. धर्मशास्त्रं, रामायण, महाभारत, पुराणं ही स्मृतीची बाजू.

मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहेत, म्हणजे त्यांना कर्ताच नाही. सूक्तांवर ऋषींची नावं असतात, पण परंपरेत ते मंत्रांचे द्रष्टे. त्यांनी मंत्र पाहिले, रचले नाहीत. मग व्यासांनी वेदाचे चार भाग करून ते पैल, वैशंपायन, जैमिनी आणि सुमंतू या शिष्यांना दिले आणि पुराणं रोमहर्षण सूताकडे सोपवली, असं पुराणंच सांगतात. ‘व्यास’ या शब्दाचा अर्थच मुळी विभागणारा, विस्तार करणारा असा आहे.

आता ‘लिहिले’ या शब्दाकडे या. ऋग्वेदाची दहा मंडलं आणि १०२८ सूक्तं शेकडो वर्षं तोंडी चालत आली. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ या पद्धती त्यासाठीच आहेत. शब्द सुटे करून, उलटसुलट जोडून म्हटले की एखादा स्वर जरी चुकला तरी लगेच कळतं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातली ऋग्वेदाची ३० हस्तलिखितं युनेस्कोने २००७ साली जागतिक स्मृतिनोंदीत घेतली. त्यातलं सर्वांत जुनं आहे १४६४ सालचं. ऋग्वेदाची रचना मात्र अभ्यासक साधारणपणे इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकात ठेवतात. म्हणजे हस्तलिखिताचं वय आणि ग्रंथाचं वय या दोन वेगळ्या गोष्टी. व्हायवामध्ये इथे भलेभले अडकतात.

गणपती आणि परिशिष्ट

व्यास सांगत गेले आणि गणपती लिहीत गेला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. महाभारताची चिकित्सित आवृत्ती भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतली. १९२५ पासून वि. स. सुखठणकर तिचे प्रमुख संपादक होते. काम पूर्ण झालं १९६६ मध्ये, तेव्हा सुखठणकर हयात नव्हते. या कामात १२५९ हस्तलिखितांचा उपयोग झाला. शारदा, देवनागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांमधल्या पोथ्या श्लोकाश्लोकाला ताडून पाहिल्या गेल्या.

त्यात असं दिसलं की गणपतीची गोष्ट सगळ्या शाखांच्या पोथ्यांत नाही. म्हणून ती मुख्य पाठातून निघून परिशिष्टात गेली. लक्षात घ्या, ती फेकून दिली नाही. तिची जागा बदलली, आणि कोणत्या पोथीत ती आहे याची नोंद राहिली.

ती गोष्ट काढली तरी महाभारत स्वतःच्या जन्माबद्दल बोलतंच. वैशंपायनाने जनमेजयाच्या सर्पसत्रात कथा सांगितली, तीच पुढे उग्रश्रवा सौतीने नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना ऐकवली. उपाख्यानं सोडून व्यासांची भारतसंहिता २४,००० श्लोकांची होती, असंही आदिपर्वात म्हटलं आहे. पण परंपरा महाभारताला लाख श्लोकांचं म्हणते. म्हणजे ग्रंथ वाढत गेला, ही शंका आधुनिक अभ्यासकांनी बाहेरून आणलेली नाही. तिचं बीज ग्रंथातच आहे.

खाडीपलीकडचं शूर्पारक

आता आपल्या भागात या. भाईंदरहून विरार लोकल पकडली की खाडी ओलांडून तिसरं स्टेशन नालासोपारा. हे सोपारा म्हणजेच ग्रंथांतलं शूर्पारक. वनपर्वात युधिष्ठिर तीर्थयात्रेत इथे येतो. शांतिपर्वात परशुरामाची कथा आहे. जिंकलेली पृथ्वी त्याने कश्यपाला दान केली, आता इथे राहू नकोस असं कश्यपाने सांगितलं आणि समुद्राने त्याला शूर्पारक देश करून दिला. हा भाग चिकित्सित पाठातही आहे.

पुढे ही कथा वाढत गेली. स्कंदपुराणाचा भाग मानल्या गेलेल्या सह्याद्रिखंडात परशुरामाने समुद्र हटवून मिळवलेल्या भूमीबरोबरच तिथे कोणते ब्राह्मण कुठून आले, कोण श्रेष्ठ, कोण पतित याच्याही कथा येतात. एका कथेत ब्राह्मण त्रिहोत्राहून आणून गोमंतकात वसवले जातात, तर दुसरीत चितेजवळ सापडलेल्या माणसांना शुद्ध करून ब्राह्मण केलं जातं. पहिली मान वाढवते, दुसरी कमी करते. कोकणातल्या ज्ञातींच्या वादांत या कथा शस्त्रासारख्या वापरल्या गेल्या, आणि आजही समाजमाध्यमांवर कोणीतरी कोणाला त्या ऐकवत असतं.

सह्याद्रिखंडाची पहिली छापील संस्कृत आवृत्ती १८७७ साली मुंबईत निघाली. संपादक होते गोव्याचे डॉक्टर जुझे गेर्सन द कुन्हा. त्यांनीच आदल्या वर्षी चौल आणि वसईच्या इतिहासावर पुस्तक काढलं होतं. पुढे १९७३ मध्ये स्टीफन लेविट यांनी याच ग्रंथाशी जोडलेल्या ‘पातित्यग्रामनिर्णय’ या भागावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पीएचडी केली. अशा ग्रंथावर प्रबंध कसा उभा राहतो, हे बघायला तो जरूर चाळा.

आणि स्कंदपुराण? परंपरेने त्याचे ८१,००० श्लोक. नेपाळमध्ये मात्र इसवी सन ८१० चं ताडपत्री हस्तलिखित आहे आणि त्यातलं स्कंदपुराण छापील खंडांहून पार वेगळं आहे. सह्याद्रिखंड त्यात नाही. स्कंदाचं नाव ही एक मोठी छत्री होती. प्रदेशाप्रदेशांतले क्षेत्रमाहात्म्यांचे ग्रंथ त्या छत्रीखाली आले, कारण त्याने त्यांना अधिकार मिळत होता.

मग खोटं म्हणायचं का?

नाही, आणि खरंही म्हणायची घाई नको. सह्याद्रिखंडावरून कोकणच्या जमिनीचं वय निघत नाही. कोणत्या समाजाला कधी, कोणापुढे, कशासाठी मूळकथेची गरज पडली, हे मात्र त्यावरून शोधता येतं. इतिहासाचा पुरावा तोच.

त्याच सोपाऱ्यात भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. विहारयात्रा सोडून धर्मयात्रा सुरू केल्याचं अशोक त्या लेखात सांगतो. तो इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला आहे आणि त्यात नंतर कोणी भर घातलेली नाही. त्यामुळे काळ ठरवायला तो पक्का आधार देतो. पण लोकांनी सोपाऱ्याला तीर्थ का मानलं, हे तो सांगणार नाही. त्यासाठी वनपर्वाकडेच जावं लागेल.

तेव्हा कोणताही धर्मग्रंथ हातात घेतलात की वहीत चार रकाने आखा. ग्रंथ स्वतःच्या उगमाबद्दल काय म्हणतो? सर्वांत जुनी पोथी कधीची? हा मजकूर कोणत्या पोथ्यांत आहे, कोणत्यांत नाही? आणि त्या उगमकथेचा फायदा कोणाला झाला? पहिल्या रकान्यातलं उत्तर चौथ्यात उतरवून ठेवू नका आणि चौथ्यातल्या उत्तराने पहिल्याची टवाळीही करू नका. घरी पोथी वाचणाऱ्या आजीला पहिला रकाना पुरतो, तिचं त्यावाचून काही अडत नाही. प्रबंध लिहायला बसलेल्या तुम्हाला मात्र चारही भरावे लागतील.