डार्विनचें अनुमान आणि बियांची साक्ष

इंग्लंडच्या कुरणांतून वसंतऋतूंत काऊस्लिप नांवाचीं पिवळीं फुलें फुलतात. तीं दोन तऱ्हेचीं असतात, हें तेथील माळ्यांना फार पूर्वींपासून ठाऊक होतें. कांहीं फुलांच्या तोंडाशीं स्त्रीकेसराचें टोंक टांचणीच्या डोक्यासारखें दिसतें आणि पुंकेसर खालीं नळींत दडलेले असतात. कांहींत याच्या अगदीं उलट. एका रोपावर मात्र एकच तऱ्हा. शास्त्रज्ञांना यांत निसर्गाच्या लहरीपलीकडे विशेष कांहीं दिसलें नव्हतें.

केंट परगण्यांतील डाऊन गांवीं राहणाऱ्या चार्लस डार्विनचें लक्ष १८६० सालीं इकडे वेधलें. त्यानें निरनिराळ्या रोपांचे ५२२ गुच्छ तपासले. २४१ लांब स्त्रीकेसराचे, २८१ आंखूड. मग परागकण सूक्ष्मदर्शकाखालीं धरले. आंखूड स्त्रीकेसराच्या फुलांतील कणाचा व्यास १०० मानला, तर लांब स्त्रीकेसराच्या फुलांतील कणाचा ६७ च भरला! पराग बारीक आणि स्त्रीकेसर लांब. तेव्हां हीं रोपें हळूहळू केवळ स्त्रीजातीचीं होत असावींत, असें त्यानें अनुमान केलें. अनुमान मोठें देखणें होतें. तें खरें असतें, तर याच रोपांना बीं अधिक धरावयास हवें होतें. डार्विननें रोपांवर खुणा केल्या, बिया मोजल्या, तोलल्या. बीं अधिक निघालें तें आंखूड स्त्रीकेसराच्या रोपांना!

दुसरा एखादा मोजणींतच खोट काढीत बसला असता. डार्विननें अनुमान सोडलें आणि स्वतःच्या हातानें पराग एका फुलावरून दुसऱ्यावर घालून पाहिला. एका तऱ्हेचा पराग दुसऱ्या तऱ्हेला लाभला म्हणजे बीं भरपूर. आपल्याच तऱ्हेचा लाभला, तर कमी. दोन तऱ्हांचें प्रयोजन परस्परसंकर हेंच होतें. हा निबंध २१ नोव्हेंबर १८६१ रोजीं लंडनच्या लिनियन सोसायटीपुढें वाचला गेला.

पण पराग लहानमोठा कां? मोठ्या कणाला लांब स्त्रीकेसरांतून नलिका उतरवावयाची असते, म्हणून त्याची शिदोरीही मोठी, हें उत्तर सहज पटतें. मात्र लाल फुलांच्या जवसांत दोन्ही तऱ्हांचे परागकण डार्विनला सारखेच आढळले. १८७७ च्या आपल्या ग्रंथांत त्यानें असे अपवाद लपविले नाहींत.

या तऱ्हा आनुवंशिक असून आंखूड स्त्रीकेसर प्रभावी ठरतो, हें बेटसन व ग्रेगरी यांनीं १९०५ सालीं दाखविलें. त्यामागील जनुकांचा गट केवळ आंखूड स्त्रीकेसराच्या रोपांतच असतो, ही गोष्ट उजेडांत यावयास २०१६ साल उजाडावें लागलें.