थाई पाककलेतील लिंबू

थायलंडच्या (१९३९ पर्यंत सयाम) पाककलेत लिंबूवर्गातील दोन फळांना महत्त्व आहे. ‘मनाव’ म्हणजे आपल्याकडील कागदी लिंबू. ते रसासाठी वापरतात. खडबडीत सालीच्या ‘मक्रुत’ची (सिट्रस हिस्ट्रिक्स) पाने व साल सुगंधासाठी घेतात, त्याचा रस मात्र पूर्वापार केस धुण्याकडे अधिक लागे. जनुकीय अभ्यासानुसार कागदी लिंबू हा महाळुंग व फिलिपीन्समधील एक रानटी लिंबूवर्गीय जाती यांचा संकर आहे.

थाई जेवणाची ओळख ठरलेली लिंबू-मिरचीची जोडी अतिप्राचीन मानणे चुकीचे ठरेल. पोर्तुगीज १५११ मध्ये आयुथयेस पोहोचले. मिरची मूळची अमेरिकेतील असून ती युरोपीय व्यापारामार्फत आशियात आली, पपईही तिकडचीच. त्यामुळे कच्च्या पपईचे ‘सोम तम’ आजच्या रूपात त्यापूर्वीचे असू शकत नाही. तत्पूर्वी तिखटपणासाठी मुख्यतः मिरी होती.

आंबटपणासाठी चिंचही वापरतात, पण ती लिंबाचा पर्याय नव्हे. ‘कएंग सोम’ या रश्शात चिंच शिजते. लिंबाचा रस उकळल्यास सुगंध उडतो व कडवटपणा येतो. म्हणून ‘तोम यम’मध्ये तो भांडे चुलीवरून उतरविल्यावर पिळतात. कोळंबीच्या तोम यमचा समावेश २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला.

मार्च-एप्रिलमध्ये उत्पादन घटून लिंबू महागते. यासाठी काही बागाईतदार सिमेंटच्या कड्यांत झाडे लावतात व पाणी तोडून बिगरहंगामी बहर धरतात.