सनदेविना उडी

पाण्यावर तरंगणाऱ्या फळीवर शीड उभारून वाऱ्याच्या बळावर धावण्याच्या ज्या खेळाला विंडसर्फिंग म्हणतात, त्याचा इतिहास लिहावयास बसलेल्या माणसाला साधनसामग्री मुबलक मिळते. मात्र तिचा बराच मोठा भाग समुद्रकिनाऱ्यापेक्षा न्यायालयांच्या दप्तरांत साठलेला आहे. फळीवर शीड प्रथम कोणी बसवले, शीड हवे तिकडे कलू देणारा सांधा कोणाच्या कल्पनेतून निघाला, हाती धरावयाच्या बाकदार दांड्यावर हक्क कोणाचा, या प्रश्नांवर अमेरिकेत व युरोपात वर्षानुवर्षे कज्जे चालले, साक्षीपुरावे झाले आणि निकाल छापून आले. परंतु याच खेळाचे सर्वांत नेत्रदीपक अंग म्हणजे जी उडी, सोसाट्याच्या वाऱ्यात लाटेच्या चढावरून फळीसकट आकाशात झेपावून पुन्हा पाण्यावर पाय रोवण्याची जी विद्या, तिच्यावर कोणी मालकी सांगितली नाही, आणि सांगितली असती तरी ती सिद्ध करणे कठीण गेले असते. कारण ही विद्या कोणा एकाच्या डोक्यातून निघालेली नसून किनाऱ्यावर जमलेल्या मंडळींनी एकमेकांचे पाहून घडवलेली आहे. जोराचा वारा सुटला की दहापाच जणांनी मिळून समुद्र गाठावा आणि दिवसभर उड्या शिकाव्यात, ही जी प्रथा आज अनेक देशांच्या किनाऱ्यांवर रूढ झाली आहे, ती समजून घ्यावयाची तर या दोन इतिहासांचा, फळीच्या आणि उडीच्या, निराळा निराळा विचार करावा लागतो.

फळीच्या इतिहासात सर्वांत आधीचे नाव येते ते एका मुलाचे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेलिंग बेटानजीकच्या पाण्यात १९५८ साली पीटर चिल्व्हर्स या १२ वर्षांच्या मुलाने एक लाकडी फळी, एक डोलकाठी आणि एक शीड यांची जुळणी करून ती पाण्यात चालवली. व्यापाराचा हेतू त्याच्या मनात नव्हता आणि त्याची ती फळी त्या परिसराबाहेर कोणास ठाऊकही झाली नाही. पुढे १९६४ च्या सुमारास अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया संस्थानात न्यूमन डार्बी या गृहस्थाने स्वतंत्रपणे असेच एक साधन तयार केले आणि १९६५ मध्ये 'पॉप्युलर सायन्स' या मासिकात त्याचा सचित्र वृत्तान्त प्रसिद्ध केला. डार्बीचे शीड पतंगाच्या आकाराचे होते आणि त्याला पाठ लावून स्वाराने उभे राहावयाचे होते. शांत सरोवरात ते चालत असे. पण त्यापासून त्याला धन मिळाले नाही आणि कीर्तीही फार उशिरा मिळाली.

धन आणि कीर्ती या दोहोंचा योग कॅलिफोर्नियात आला. जिम ड्रेक हा विमानशास्त्राचा अभियंता आणि हॉइल श्वाइत्झर हा लाटांवर फळी खेळणारा व्यावसायिक, या दोघांनी मिळून ज्या साधनाची आखणी केली त्याची पाण्यावरील पहिली परीक्षा ड्रेकने १९६७ मध्ये मरिना डेल रे येथे घेतली. सुकाणूचा त्यात मागमूस नव्हता. डोलकाठी बुडाशी सर्व दिशांनी वळत असे आणि स्वाराने शीड पुढे कलते केले की फळी वाऱ्यापासून दूर जाई, मागे कलते केले की वाऱ्याकडे वळे. १९६८ मध्ये अर्ज दाखल झाला, १९७० च्या जानेवारीत सरकारने एकस्वाची सनद दिली, आणि १९७३ मध्ये ड्रेकने आपला हिस्सा ३६ हजार डॉलरांना श्वाइत्झरला विकून टाकल्यावर या खेळाचा मक्ता एका हाती आला. ज्याला फळ्या बनवावयाच्या त्याने मक्तेदाराला स्वामित्वशुल्क भरावे, अशी ही व्यवस्था होती. हॉलंडमधील टेन काटे या कापडगिरणीवाल्या कंपनीने असा परवाना घेऊन फळ्या बनवण्यास प्रारंभ केला, आणि सत्तरीच्या दशकात युरोपात या खेळाचे अक्षरशः वेड पसरले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्याला स्थान मिळाले आणि पहिले सुवर्णपदक स्टेफान व्हान डेन बर्ग या डच खेळाडूने जिंकले, हे त्या वेडाचेच फलित होय.

परवाना न घेता फळ्या विकणाऱ्यांवर मक्तेदाराने फिर्यादी केल्या. त्यांपैकी तबूर मरीन या कंपनीविरुद्धचा इंग्लंडमधील दावा अपील न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल १९८५ च्या निकालसंग्रहात छापला गेला. प्रतिवादीच्या वकिलांनी हेलिंग बेटावरील त्या मुलाची जुनी फळी पुराव्यात आणली. सनदेत बाकदार दांड्याचा उल्लेख आहे आणि मुलाच्या फळीचा दांडा तर सरळ होता, असा वादीचा आक्षेप होता. त्यावर न्यायालयाचे म्हणणे असे पडले की, तो सरळ दांडा वाऱ्याच्या ताणाने वाकून बाकदारच होत असे. मुलाच्या खेळामुळे कल्पनेचे नावीन्य बाद ठरले, डार्बीच्या लेखामुळे ती जाणकाराला सहज सुचण्याजोगीही ठरली, आणि इंग्लंडपुरती ती सनद रद्द झाली. एखादा शोध जाणकाराला सहज सुचण्याजोगा होता की नाही हे ठरवण्यासाठी त्या निकालात घालून दिलेल्या चार पायऱ्या इंग्लिश कायद्यात पुढे विंडसर्फिंगच्याच नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

हे कज्जे चालू असताना, किंबहुना त्यांच्या बरेच आधीपासून, हवाईच्या ओआहू बेटावर निराळाच उद्योग सुरू होता. या बेटाच्या पूर्व अंगाला कैलुआ नावाचा उपसागर आहे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे तेथे महिनोन्‌महिने वाहतात, पाणी उबदार असते, आणि बाहेरच्या प्रवाळी खडकांवर फुटणाऱ्या लाटांमुळे उडीला लागणारा चढ आयताच मिळतो. लॅरी स्टॅन्ली, माइक होर्गन, पॅट लव्ह आणि त्यांचे सोबती यांची मंडळी येथे सत्तरीच्या दशकात रोज एकत्र येत असे. १९७६ मध्ये वयाच्या १३ व्या वर्षी बहामा बेटांवर जगज्जेता ठरलेला रॉबी नेश याच किनाऱ्यावर तयार झाला. कॅलिफोर्नियाची फळी शांत पाण्यासाठी घडवलेली, १२ फूट लांब आणि अंगाने जड. ती या वाऱ्यात सुसाट धावे, लाटेवर आदळून हवेत जाई, आणि तेथेच फळीची व स्वाराची फारकत होई. पायाखालून सुटलेली फळी वाऱ्यावर भिरभिरत स्वाराच्या अंगावर येई. पायांना आणि बरगड्यांना होणाऱ्या इजा हा त्या काळच्या उडीचा नित्याचा मोबदला होता.

१९७७ च्या सुमारास या मंडळींनी फळीवर पाय अडकवावयाचे पट्टे बसवले. पट्टा म्हणजे दोन्ही टोकांनी फळीला जखडलेली एक कमान, जिच्यात पायाचा चवडा शिरतो आणि टाच मोकळी राहते. पट्टा सैल राहिला तर पाय घोट्यापर्यंत आत जातो आणि पडताना मोडतो, घट्ट बसला तर ऐनवेळी पाय शिरतच नाही. म्हणून त्याचे माप प्रत्येकाच्या पावलागणिक ठरवावे लागते, आणि हे माप कोणत्याही सनदेत लिहिलेले नव्हते. एकाने बसवावे, दुसऱ्याने त्यावर उडी मारून पाहावी, तिसऱ्याने जागा चार बोटे मागे सरकवण्यास सुचवावे, असा तो सामुदायिक व्यवहार होता. या क्षुल्लक दिसणाऱ्या पट्ट्याने खेळाचे सारे व्याकरण बदलले. फळी पायांना बांधली गेल्यावर ती हवेत वळवता येऊ लागली, आणि हवेत वळवावयाची म्हटल्यावर ती लांब व जड असून चालेना.

फळ्या तोकड्या होत गेल्या, इतक्या की त्यांपैकी कित्येक थांबल्या जागी स्वाराच्या वजनाने बुडू लागल्या. अशा फळीवर उभे राहून पाण्यातले शीड दोरीने ओढून काढणे अशक्य. तेव्हा स्वाराने पाण्यात पडल्या पडल्या शीड वाऱ्याला दाखवावे आणि वाऱ्यानेच त्याला उचलून फळीवर उभे करावे, ही युक्ती प्रचारात आली. ऐंशीच्या दशकात या विद्येची राजधानी ओआहूवरून माउई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, पाइया गावाजवळच्या होओकिपा येथे हलली. हालेआकाला हा प्रचंड ज्वालामुखी आणि पश्चिमेकडील डोंगर यांच्या मधल्या सखल पट्ट्यात शिरताना व्यापारी वारे दाटून अधिक वेगवान होतात, आणि हिवाळ्यात उत्तरेकडून मोठ्या लाटा येतात. पाठीमागच्या दिशेने घ्यावयाची कोलांटी प्रथम साधली; त्याच दशकाच्या उत्तरार्धात शिडासह पुढे झोकून द्यावयाची कोलांटी आली, जिचे श्रेय सामान्यतः इटलीच्या चेझारे कान्तागाल्ली याला देतात. श्रेय दिले, पण शुल्क कोणी मागितले नाही. अमेरिकेतील मूळ सनदेची १७ वर्षांची मुदत १९८७ मध्ये सरत होती, तोवर ही कोलांटी किनाऱ्याकिनाऱ्यावरचे तरुण नुसते पाहून आत्मसात करू लागले होते.

आपल्या कोकणपट्टीला शिडाची आणि वाऱ्याची ओळख शतकानुशतकांची असूनही असा खेळ येथे का उपजला नाही, या प्रश्नाचे उत्तर ऋतुमानात आहे. आपल्याकडे वाऱ्याला जोर चढतो तो मृगापासून, आणि तेव्हा होड्या वाळूवर ओढून, झावळ्यांनी शाकारून ठेवल्या जातात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याखेरीज कोळी दर्यात शिरत नाही. ज्या वाऱ्यात पोटासाठीही पाण्यात उतरावयाचे नाही, त्यात खेळासाठी उतरण्याचा विचार कोण करणार? गोव्यात हा खेळ आज चालतो तोही मुख्यतः कोरड्या महिन्यांतील दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर. मॉरिशसची गोष्ट निराळी. ब्लॅक रिव्हर या ज्या जिल्ह्यात कास्काव्हेलसारखी जुनी मराठी वस्ती आहे, त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला ल मॉर्न पर्वताच्या पायथ्याशी आग्नेय व्यापारी वारे नियमाने वाहतात, आणि त्या वाऱ्यांवर उड्या मारण्यासाठी देशोदेशींचे लोक तेथे जातात.

आता प्रथेकडे वळावे. चिल्व्हर्सच्या हेलिंग बेटावर आज विंडसर्फिंग करणाऱ्यांचा राबता असतो, आणि इंग्लंडातील अशा किनाऱ्यांवर नैर्ऋत्येचा वारा ब्यूफोर्टच्या श्रेणीत ६ व्या अंकावर, म्हणजे ताशी २२ ते २७ सागरी मैलांवर गेला की शिकाऊ मंडळींचा गट जमतो. मोठी शिडे गाडीतच राहतात. चार ते पाच चौरस मीटरांची लहान शिडे गोट्यांवर पसरून, खालची दोरी पाय रोवून ताणून बसवली जातात. प्रथम पाठ जमिनीवरच होतो. फळीच्या बुडाला मागे जे फिन असते त्यासाठी वाळूत खळगा खणून फळी सपाट मांडतात, शिकणाऱ्याने तिच्यावर उभे राहून पट्ट्यांत पाय घालावेत, आणि गुरूने मागच्या टाचेला हात लावून ती कुठे ओढावयाची ते दाखवावे. नंतर पाण्यात. नवख्याला मोठ्या लाटेवर कोणी पाठवत नाही. गुडघ्याएवढी, वाऱ्यानेच उठवलेली लाट त्याला पुरे असते. वारा आडवा घेऊन पूर्ण वेग धरावयाचा, कमरेचा आकडा दोरीतून सोडवावयाचा, लाट समोर येताच फळी किंचित वाऱ्याकडे वळवून गुडघे वाकवावयाचे, आणि चढ संपता संपता मागचा पाय पोटाशी ओढून घ्यावयाचा. फळीची वाऱ्याकडची कड उचलली गेली की वारा तिच्या तळाखाली शिरतो आणि ती उचलून धरतो. येथे भीतीने मागचा हात सैल सोडण्याचा मोह सर्वांना होतो. तो सोडला की शिडातला वारा सुटून स्वार फळीसह दाणकन खाली येतो. उतरताना शेपटीची बाजू आधी पाण्याला लागली पाहिजे आणि गुडघे सैल असले पाहिजेत, कारण सपाट तळावर आदळल्याची शिक्षा टाचा, घोटे आणि फळी या तिघांनाही होते.

हे सारे एका दिवसात साधत नाही, आणि एकट्याने तर मुळीच साधत नाही. हवेतल्या त्या क्षणार्धात आपला पाय कोठे होता हे उडी मारणाऱ्याला कळत नाही. ते काठावर उभे राहून पाहणाऱ्याला कळते. म्हणून एक जण पाण्यातून परतला की तिघे त्याला काय चुकले ते सांगतात, आणि सांगणाऱ्यांतला एक लगेच तीच चूक करून दाखवतो. सांधा तुटला अथवा डोलकाठी मोडली तरी फळी सोडून पोहू नये हा या खेळाचा पहिला दंडक. तो पाळणाऱ्याकडे कोणाचे तरी लक्ष असणे हा दुसरा. कैलुआच्या मंडळींना एकत्र येण्यास ज्या गरजेने भाग पाडले, तीच गरज या गटांना आजही एकत्र आणते.

वस्तूवर मक्ता बसवता येतो, कारण वस्तू मोजता येते, तिचे चित्र काढून अर्जाला जोडता येते आणि तिच्या प्रत्येक नगावर शुल्क आकारता येते. कौशल्याला ही कसोटी लागू पडत नाही. ते ज्याच्यापाशी असते त्याच्या अंगातच राहते आणि दुसऱ्याला दिल्याने उणे होत नाही. फळीच्या जनकत्वावर एवढे पुरावे गोळा झाले, तरी इंग्लंडच्या न्यायासनाला शेवटी हेच म्हणावे लागले की, ही गोष्ट एका मुलाने खेळता खेळता करून ठेवली होती. उडीच्या जनकत्वाचा प्रश्न कोणत्याच न्यायासनासमोर गेला नाही, म्हणून ती मुक्त राहिली, आणि मुक्त राहिली म्हणूनच पंधराएक वर्षांत कैलुआच्या चार मित्रांकडून साऱ्या जगाच्या किनाऱ्यांवर पोहोचली. जी विद्या वतनासारखी राखली जात नाही तिचा कर एकाच रूपाने भरता येतो: ज्याला उडी साधली त्याने पुढचा जोराचा वारा सुटेल त्या दिवशी न साधलेल्याबरोबर किनाऱ्यावर जावे आणि त्याच्या मागच्या टाचेला हात लावून दाखवावे.